पापणीचा दंड

शनिवार, ३१ डिसेंबर १९८८. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे.

धक्क्यावर मांडी घालून बसलो होतो आणि स्कीचा दोर दांडीपासून बोटीकडच्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत होतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना लागते. दांडीपाशी थोडा खरखरीत झाला आहे, पण धागा तुटलेला नाही. गुंडाळून ठेवला, वेटोळ्यात पाय अडकणार नाही असा.

गार्थ हॉलिस यांच्याकडे लागून आज तीन आठवडे झाले. नदीकाठच्या केनी बेंडला सुटीसाठी येणाऱ्या लोकांना ते पैसे घेऊन बोटीमागे पाण्यावर स्कीवर ओढतात; डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथे भर उन्हाळा. बोट ते चालवतात आणि मी त्यांच्या शेजारी उलटा, मागे तोंड करून बसतो. असा एक मागे बघणारा बोटीत असावाच लागतो, कायदाच आहे. चालवणाऱ्याने पुढचे बघायचे : पाण्याखालचे ओंडके, वळणे, समोरून येणाऱ्या बोटी. दोराच्या टोकाला जो माणूस आहे तो माझा. तो पडला की मी गार्थच्या खांद्यावर थाप मारायची आणि नारिंगी झेंडा वर धरायचा, म्हणजे दुसरी बोट त्याच्या डोक्यावरून जाणार नाही.

ईस्टरपर्यंत न चुकता मागे बघितलेस तर चाक तुझ्या हातात, असे गार्थ म्हणाले आहेत. परवान्याची परीक्षा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात असते. मी एकवीस वर्षांचा आहे. शाळा पंधराव्या वर्षी सोडली. आजवर मला कोणी काहीही चालवायला दिलेले नाही.

नजर हटू नये म्हणून गार्थनी एक युक्ती काढली आहे. ते संत्रे सोलतात आणि साल अचानक माझ्या तोंडावर मारतात. पापणी मिटली तर एक डॉलर दंड, दिवसाच्या बावीस डॉलरांतून. मोजणारा त्यांचा मुलगा डेन. काल सहा वेळा मिटली.

मंगळवार, ३ जानेवारी

आज गार्थचे हात नीट पाहता आले, कारण सकाळी गिऱ्हाईक नव्हते आणि डेन स्वतःच स्कीवर होता. डेन माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. तो पाण्यात बसतो, दोर ताणला जाईपर्यंत गार्थ बोट हळूहळू पुढे नेतात, आणि त्याने हाक दिल्यावरच लिव्हर पुढे ढकलतात, एका दमात पण हिसका न देता. हिसका दिला तर खांदा निखळतो. माणूस पडला तर मोठे वर्तुळ न घेता सावकाश वळायचे, तो चालवणाऱ्याच्या बाजूला राहील असे जायचे, आणि जवळ पोचताच इंजिन बंद. नुसते न्यूट्रल नाही, बंद. पाण्यात माणूस असताना पंखा फिरता कामा नये. हे सगळे मी इथे लिहून ठेवतो, परीक्षेसाठी.

दुपारी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांची एक टोळी आली. त्यांना सालीचा खेळ फार आवडला. गार्थनी त्यांना धक्क्यावर संत्री वाटली आणि मला खुर्चीवर बसवले. एकाने न सोलता अख्खे संत्रेच मारले. मला सगळे पापण्या म्हणू लागले आहेत.

दंड अकरा डॉलर. म्हणजे आज अर्धाच दिवस काम केल्यासारखे झाले. पण शेवटच्या तासात फक्त एकदा मिटली.

रविवार, ८ जानेवारी

आज माझी चूक झाली. एक बाई वळणावर पडल्या. मी गार्थच्या खांद्यावर थाप मारली आणि झेंडा वर केला. गार्थ त्या वेळी बोटीत बसलेल्या त्यांच्या मैत्रिणीशी बोलत होते. मी पुन्हा थाप मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ते वळले. तोवर समोरून येणारी एक बोट बाईंपासून दहा-बारा हातांवरून गेली. झेंडा पाहून तो चालवणारा बाजूला झाला म्हणून बरे.

बाई वर आल्या तेव्हा थरथरत होत्या. गार्थनी त्यांना टॉवेल दिला आणि म्हणाले, "माफ करा हं. आमच्या पोराचा हात म्हणजे लोण्याचा. थाप मारतो की गोंजारतो तेच कळत नाही."

नंतर शेडमध्ये त्यांनी मला थाप कशी असते ते दाखवले. खांदा अजून उजव्या बाजूला वळवता येत नाही. दुखले, पण आता जोर किती लागतो ते कायमचे कळले. गार्थ शिकवताना हातचे राखत नाहीत.

रविवार, १५ जानेवारी

एकदाही नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत साल, ओला स्पंज, एकदा तर मुठीने मारल्यासारखे करून हात नाकापाशी थांबवला. पापणी हलली नाही. डेनने दोनदा मिटली म्हणून ओरडून पाहिले, पण गार्थच म्हणाले, नाही, नाही मिटली, पोरगं तयार झालं. त्यांनी मला बियर दिली.

मासे-चिप्सच्या टपरीवाल्या नोरीनबाईंना सांगायला गेलो. त्या चिप्स तळत होत्या. म्हणाल्या, पापणी न हलवणारे त्यांच्या ओळखीचे सगळे बर्फावर ठेवलेले आहेत, किलोच्या भावाने. मग कढईतला झारा तसाच हातात धरून म्हणाल्या, "क्लेम, तो माणूस तुला चाक देणार नाही. पोटच्या पोराला दिलं नाही अजून. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या जागेवर चार जण आले नि पळाले."

त्यांचे गार्थशी जागेच्या भाड्यावरून वाकडे आहे, त्यामुळे त्या असे बोलणारच. शिवाय चार जण पळाले आणि मी टिकलो, याचा अर्थ त्यांनी उलटा लावला.

गुरुवार, २६ जानेवारी

इथल्या राष्ट्रदिनाची सुटी, म्हणून गर्दी. पहाटे दोर तपासताना मधोमध एका ठिकाणी बोट अडकले. तीन पेड तुटलेले, बाकीचे उन्हाने पांढरे पडून चुरचुरत होते. नखाने ओढले तर भुगा आला. लगेच गार्थना नेऊन दाखवला. दोराचे दुकान सोमवारपर्यंत बंद आहे. ते दोराकडे बघून मग माझ्याकडे बघू लागले.

"तू काय, दोरावर संसार करणारेस का?" म्हणाले.

त्यांनी तो भाग चाकूने कापून टाकला आणि दोन तुकड्यांची गाठ मारली. गाठ मुठीएवढी झाली. दोराबरोबर आलेले माहितीपत्रक माझ्याजवळ होते. त्यात लिहिले आहे की गाठ मारलेल्या दोराची ताकद निम्मी उरते आणि असा दोर ओढायला वापरू नये. मी त्यांना ते वाचून दाखवले. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चाळला आणि त्यात राहिलेले संत्रे गुंडाळले. नवा दोर पुढच्या आठवड्यात आणू म्हणाले. आणू म्हणाले म्हणजे आणतील.

दिवसभर एकेकट्या स्कीवाल्यांना ओढले. गाठ टिकली. मी तिच्यावरही नजर ठेवली.

शुक्रवार, २७ जानेवारी

आज मी बोट चालवली!

संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर परत येताना गार्थना सिगारेट पेटवायची होती. वारा होता. ते म्हणाले, धर. आणि उठले. मी त्यांच्या जागेवर बसलो. मोठ्या वाकलेल्या गमच्या झाडापासून पंपाच्या नळापर्यंत चाक माझ्या हातात होते. नदीच्या उजव्या अंगाने ठेवली. पंपाच्या अलीकडे एक ओंडका पाण्याला टेकून आहे, तो मला माहीत होता; त्याला डावीकडे सोडले. बोट हाताला जनावरासारखी लागते, ओढ घेते, पण ऐकते. सिगारेट पेटल्यावर गार्थनी मला नुसते कोपराने ढकलले.

आईला कार्ड लिहिले. तिला चाकाचे कळवले.

गुरुवार, २ फेब्रुवारी. स्वान हिल, इस्पितळ.

ओळी सरळ येत नाहीत, पानाच्या कडेचा अंदाज चुकतो. तरी लिहितो, नाहीतर विसरेन.

शनिवारी, २८ तारखेला, लोकर कातरणारे परत आले. चौघे होते. स्की नको, ट्यूब पाहिजे म्हणाले. गार्थकडे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची मोठी ट्यूब आहे. तिच्यावर एका वेळी एखादे पोर बसवतात, तेही हळू. चौघेही एकदम चढले. मी गार्थना म्हणालो की स्कीचा दोर एका माणसासाठी असतो, चार माणसांसह ट्यूब पाण्यात रुतते आणि नांगरासारखी ओढते, आणि मध्ये गाठ आहे. गार्थ म्हणाले, प्रत्येकी दहा देताहेत. मग म्हणाले, "पापण्या, तुझं काम बघायचं. बोलायचं काम आम्ही करू."

मी बघू लागलो.

दोर ताणला, ट्यूब हलली नाही. चौघे ओरडत होते, अजून, अजून. गार्थनी लिव्हर पुढे ढकलला. दोर बारीक होत गेला आणि त्यातून आवाज येऊ लागला, तारेला वारा लागल्यासारखा. या नदीवर तो आवाज सगळ्यांना माहीत आहे. डेन बोटीच्या तळाशी आडवा झाला. गार्थनी डोके चाकामागे घातले. ते मला कडेने दिसले, कारण मी फक्त मागे बघत होतो. ट्यूबवरच्या चौघांपैकी कोणी पडत नव्हते. माझे काम त्यांच्यावर नजर ठेवण्याचे होते. गाठ सुटली नाही, गाठीपलीकडे दोर तुटला. गाठ आमच्याकडच्या तुकड्याला राहिली आणि परत आली. मी ती येताना पाहिली. आधी लहान होती.

पापणी हलली नाही. हे मी खात्रीने लिहितो.

त्यानंतरचे तुकडे आठवतात. ट्यूबवरचे हसत होते, त्यांना वाटले असेल मी सोंग करतो आहे. गार्थनी आधी दोर पाण्यातून बोटीत ओढून घेतला, तो पंख्यात गुंतू नये म्हणून. ते बरोबरच होते. मग माझ्याकडे आले.

डावा डोळा मंगळवारी काढला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी विचारले, इतकं समोरून येत असताना डोळा उघडा कसा राहिला, माणसाची पापणी आपोआप मिटते. मी सांगितले की मला शिकवलेले आहे. त्यांनी पेन खाली ठेवले.

सोमवार, ६ फेब्रुवारी

गार्थ भेटायला आले, दोन तासांचा रस्ता करून. संत्र्यांची जाळी आणली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही एक दिले. पट्टीकडे बघून म्हणाले, "चल, या बाजूचा दंड कायमचा माफ." मला हसू आले; हसले की टाके ओढतात.

मग खुर्ची जवळ घेतली. नदीखात्याचा माणूस उद्या येणार आहे. दोर खराब होता असे कळले तर बोट बंद करतील. "माझं काय, मी दुसरा धंदा बघेन," म्हणाले, "पण बोटच नसली तर तुला चाक कशाचं देऊ? हातगाडीचं?"

मी विचारले, म्हणजे चाक अजून आहे?

"मी कधी शब्द फिरवलाय का?"

नाही. त्यांनी कधी शब्द फिरवलेला मला आठवत नाही.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

नदीखात्याचा माणूस आला. उन्हाने नाक सोललेले, आवाज मऊ. त्या सकाळी दोर कोणी तपासला? मी. कसा होता? चांगला. गाठ होती का? नव्हती. त्याने तीन वेळा तीच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली. शेवटी वही मिटून म्हणाला, "हे बघ भाऊ, तुला कोणी काही सांगायला सांगितलं असेल तर आत्ता बोल. मी दारापर्यंत हळूहळू जाणार आहे."

तो खरोखर हळूहळू गेला. दारात थांबलाही. मी डावीकडच्या खिडकीकडे अर्धे तोंड केले, पण त्या बाजूला डोळा नाही, खिडकी दिसत नाही, हे मागाहून लक्षात आले.

संध्याकाळी त्याने जबाब टाइप करून सहीसाठी पाठवला. दोन शब्दांचे स्पेलिंग चुकले होते. ते दुरुस्त करून सही केली. बाकी सगळे बरोबर होते.

रविवार, ५ मार्च

शेडवर परतलो. आई नको म्हणत होती.

पाणी ओतताना पेल्याबाहेर सांडते. पायरी असते त्याच्या आधीच पाय टेकतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंतराचा अंदाज दोन डोळे मिळून बांधतात. एकट्याला तो शिकायला वर्ष लागेल, आणि घाई करू नकोस. गार्थना हे सांगितले नाही.

नोरीनबाईंनी मला पाहिले, टपरीच्या मागच्या बाजूला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग चिप्स दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी विचारले, खात्याच्या माणसाला खरं सांगितलंस ना? मी म्हणालो, सगळं नीट झालं. त्या म्हणाल्या, ते मी विचारलं नव्हतं.

सोमवार, १३ मार्च

सुटीचा सोमवार. धक्क्यावर पन्नास-साठ माणसे असतील. दुपारी गार्थनी सगळ्यांसमोर हाक मारली, "पापण्या, ये. चाक."

मला वाटले होते एखाद्या शांत सकाळी बोलावतील. पण त्यांनी शब्द पाळला, तेही सगळ्यांदेखत. डेनने लाल बॉय, म्हणजे तरंगणारा पोकळ गोळा, पाण्यात सोडला, भोपळ्याएवढा, दोराला बांधून. गार्थ धक्क्यावर उभे राहून लोकांना सांगत होते : हा पडलेला स्कीवाला. आमचा क्लेम त्याला आणायला जातोय. एका डोळ्याने. बघा.

मी सगळे आठवून केले. सावकाश वळलो. बॉय माझ्या बाजूला ठेवला. तो जवळ येत होता. अजून दोन बोटींएवढे अंतर आहे असे दिसत होते. पुढच्या क्षणी इंजिन बंद करायचे, असे मी मनात म्हणत होतो, तेव्हा खालून आवाज आला. भांड्यात चमचा फिरल्यासारखा. मागे लाल तुकडे वर आले.

धक्क्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी. गार्थनी हात वर करून त्यांना थांबवले.

"हे डोकं होतं," ते मला म्हणाले, मोठ्याने नाही. मग लोकांकडे वळून, "संधी तर दिली ना मी?"

दिली. मी स्वतः परीक्षक असतो तरी मला नापास केले असते.

चाक डेनलाही मिळाले नाही. गार्थच चालवतात.

शनिवार, १८ मार्च

आज परवान्याची परीक्षा होती. गेलो नाही. गार्थनी मला शेडमध्ये ठेवून घेतले आहे, दोर धुणे, वाळवणे, गुंडाळणे. निम्म्या पगारावर, कारण निम्मेच दिसते असे डेन म्हणतो. दुसरीकडे कोण ठेवील?

नवा दोर आला. गार्थ म्हणाले, याचे पैसे तुझ्याकडे लागतात. मी त्यांच्याकडे बघत राहिलो तेव्हा ते चिडले नाहीत, समजावून सांगितले. "तूच लिहून दिलंयस ना, दोर तू तपासला होता नि चांगला होता? मग तपासणाऱ्यावरच येतं ते. कागद माझा नाही, बाबा. सही तुझी आहे."

संध्याकाळभर त्यावर विचार केला. लिहून दिलेले त्यांच्या बाजूने आहे. माझ्या बाजूने काय आहे ते शोधतो, पण शब्दांत बसत नाही.

सोमवार, २७ मार्च. ईस्टरचा सोमवार.

माझ्या जागी रॉडी नावाचा नवा आला आहे, एकोणीस वर्षांचा, लांब मानेचा. सगळ्यांना सर म्हणतो. त्याने मला विचारले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चुकलो नाही तर चाक देणार म्हणालेत, देतात का हो ते? त्याचे डोळे करडे आहेत, पापण्या फार लांब.

मी सांगणार होतो. तेवढ्यात गार्थनी संत्र्यांची टोपली माझ्या मांडीवर ठेवली. त्यांना बोट धुवायची होती. म्हणाले, साल तू मार, तुला हे काम आतून माहीत आहे. दंडातला अर्धा तुझा, देण्यातून वळता करू.

रॉडी खुर्चीवर सरळ बसला. एका डोळ्याने नेम धरता येत नाही. पहिल्या तीन साली त्याच्या कानावरून गेल्या. मग मी त्याच्या नाकाच्या हातभर डावीकडे मारायचे ठरवले, आणि दुपारपर्यंत हात बसला. साल येण्याआधी तो श्वास धरतो, ते मला ओळखू येते, म्हणून तो श्वास सोडेपर्यंत मी थांबतो.

संध्याकाळी तो म्हणाला, उद्या पापणी कमी मिटेन. मी म्हणालो, मिटशील.

खर्च :
इस्पितळाला जाण्यायेण्याचे बसभाडे, दोन खेपा : १९.२०
डोळ्यावरची काळी पट्टी : ३.५०
संत्री : १.३०
एकूण : २४.००

देणे, गार्थ हॉलिस यांना :
नवा दोर : ४१.००
लाल बॉय : १६.००
परीक्षेची फी, त्यांनी भरलेली, परत मिळत नाही : १२.००
पापणीचा जुना दंड, जानेवारीचा राहिलेला : ११.००
एकूण : ८०.००

वजा, रॉडीची पापणी, आज नऊ वेळा, माझा अर्धा हिस्सा : ४.५०

बाकी देणे : ७५.५०